नदीकाठाला नऊ टोपल्या पुरतील

पुण्याच्या नदीकाठची उद्यानं आखणाऱ्या, मंजूर करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकते. मुळा-मुठेच्या काठी झाडीची, मातीची, अजून फरशी न पडलेली जी जागा उरली आहे, तिच्यातल्या चार-पाच एकरांवर येत्या दिवाळीपासून मेअखेरपर्यंत नऊ होलचा डिस्क गोल्फ कोर्स लावू द्या. गोल्फसारखाच खेळ, पण चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी डिस्क टोपलीत फेकायची. बांधकाम नको, मोठी निविदा नको, उद्घाटनाचा फलक तर नकोच. पावसाळा तोंडावर आला की टोपल्या आम्हीच उपसून नेऊ. लोकांना नाही आवडला तर पुढच्या दिवाळीत लावू नका. जागा होती तशीच असेल. हे शेवटचं वाक्य आजकाल नदीकाठच्या किती कामांबद्दल म्हणता येईल, ते तुम्हीच सांगा.

मी कोण, हे थोडक्यात. नोकरीभर पाटबंधाऱ्याच्या कामात आरेखक होते. टेबलावर संगणक येण्याआधी पूररेषा आम्ही ट्रेसिंग पेपरवर रोटरिंगच्या पेनने ओढत असू. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी-लालच्या मधल्या पट्ट्यात नियंत्रित. त्यामुळे नदीकाठी काहीही नवं दिसलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो रेषेचा: हे आत आहे की बाहेर? डिस्क गोल्फची टोपली ही मला आजवर भेटलेली पहिली वस्तू, जी निळ्या रेषेच्या आत असली तरी माझा हात लाल पेन्सिलीकडे जात नाही.

हा खेळ मला दाखवला जावयाने. निवृत्तीनंतर मुलीकडे कॅलिफोर्नियात गेले होते. तिकडे गेलेल्या पुणेकर आयांचं जे होतं तेच माझं चाललं होतं: सकाळी नातवाचा डबा, दुपारी खिडकीतून रिकामा रस्ता बघणं, रात्री पुण्याची बातमी. एका शनिवारी त्याने गाडीत घालून पॅसाडीनाजवळच्या हाहामोंग्ना पार्कात नेलं. पूर्वी या भागाला ओक ग्रोव्ह पार्क म्हणत. जगातला पहिला कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स १९७५ साली इथेच झाला. शेजारी नासाची जेट प्रोपल्शन लॅब आहे, जावयाला त्याचं कौतुक. मी मात्र विचारलं, इथे धरण कुठे आहे? कारण जमिनीचा उतार, गाळाचा रंग, झाडांची रांग, सगळं सांगत होतं की ही पाणी साठवायची जागा आहे. निघालंच. आरोयो सेको या नदीवर १९२० साली पूरनियंत्रणासाठी बांधलेलं डेव्हिल्स गेट धरण खाली होतं आणि आम्ही त्याच्या पाठच्या खोलगट भागाच्या कडेला, जुन्या ओक वृक्षांखाली उभे होतो. म्हणजे या खेळाचा जन्मच मुळी पुराच्या पाण्यासाठी राखलेल्या जागेच्या कुशीत झाला आहे. नदीकाठी हा खेळ चालेल का, असं कुणी विचारलं तर मला हसू येतं ते त्यामुळे.

आता खेळ. गोल्फचंच गणित, पण काठी-चेंडूऐवजी हातात डिस्क. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि शेवटी साखळ्यांच्या टोपलीत घालायची. टी ते टोपली हा एक होल. जितके कमी थ्रो तितकं चांगलं. टोपली म्हणजे लोखंडी दांड्यावर बसवलेली गोल जाळी, तिच्या वर एक कडं आणि कड्यातून लोंबणाऱ्या साखळ्या. डिस्क साखळ्यांवर आपटते, वेग मरतो, खाली जाळीत पडते. सुरुवातीला टोपली नव्हती, नुसते खांब होते, आणि डिस्क खांबाला घासली की नाही घासली यावरून वाद होत. मग एड हेड्रिक यांनी साखळ्यांची टोपली केली आणि वादच मिटवला. हे गृहस्थ वॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीतले. आजच्या फ्रिस्बीची घडण त्यांचीच, पेटंट १९६७ चं. १९७६ मध्ये त्यांनी पीडीजीए ही खेळाडूंची संघटना काढली, जिचे नियम आज जगभर चालतात. २००२ साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. आपल्याकडे अस्थी संगमावर नेतात. मी घरी सांगून ठेवलं आहे की माझ्या बाबतीत संगमच बरा, पण तोवर पाणी जरा स्वच्छ करा.

खेळायची डिस्क ही मुलांच्या फ्रिस्बीपेक्षा लहान, जड आणि कडेला धारदार असते. व्यास साधारण २१ सेंटीमीटर, वजन १७०-१७५ ग्रॅम. लांबच्या फेकीला ड्रायव्हर, मधल्या अंतराला मिडरेंज, टोपलीजवळ पुटर. नवशिक्याला एका पुटरवर सगळा कोर्स खेळता येतो आणि खेळावाही. अमेरिकेत एक डिस्क साधारण दहा ते वीस डॉलरला मिळते. येरवड्याला गोल्फ कोर्स आहे, पण तिथलं सभासदत्व तुमच्या-माझ्या खिशाचं काम नाही. डिस्क गोल्फचे जगात पंधरा हजारांहून जास्त कोर्स आहेत आणि त्यांतले बहुतेक सार्वजनिक बागांत, फुकट आहेत. एस्टोनियासारखा १३ लाख वस्तीचा देश या खेळात पुढे आहे. तिथल्या क्रिस्टिन टाटारने २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं जागतिक विजेतेपद घेतलं. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे शहराची वस्ती ३१ लाख होती. बाकी हिशेब तुम्ही करा.

परत आल्यावर स्वस्थ बसवेना. सोसायटीतली काही कॉलेजची मुलं अल्टिमेट फ्रिस्बी खेळतात, त्यांना धरलं. एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून जीआय पाइपच्या दोन टोपल्या करून घेतल्या. साखळ्या बोहरी आळीतून आणल्या. आता आम्ही रविवारी एका उद्यानाशेजारच्या मोकळ्या नदीकाठी त्या रोवतो, खेळतो आणि डिकीत घालून परत आणतो. जागेचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर उद्या तिथे पेव्हर ब्लॉक येतील.

खेळताना काय होतं ते थोडं जवळून सांगते, म्हणजे मी हे टेबलावर बसून लिहीत नाही हे कळेल. टोपलीपासून दहा मीटरच्या आत आलात की पुटचा, म्हणजे जवळून टोपलीत टाकायच्या फेकीचा, नियम वेगळा. डिस्क सोडल्यावर तोल पुरता सावरल्याचं दिसेपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही. ऐकायला सोपं आहे. साठी उलटलेल्या बाईने एका पायावर जोर देऊन, दुसरा पाय मागे लांबवून, मुठेवरचा वारा गालावर घेत हे करून बघावं. माझ्या फिजिओने गुडघ्यासाठी दिलेले सगळे व्यायाम यात आले, आणि फुकट आले. डिस्क साखळ्यांवर बरोबर मध्यभागी लागली तर आवाज भरीव येतो. कडेला लागली तर खण्ण असा पोकळ येतो आणि डिस्क बाहेर. बघायलाही लागत नाही, आवाजावरून कळतं. आणि काठाच्या उतारावर डिस्क कडेवर पडली की ती उभी राहते, क्षणभर विचार करते, आणि नदीच्या दिशेने घरंगळायला लागते. तेव्हा तिच्यामागे धावणारी मुलं, आणि 'थांब, थांब' म्हणणारी मी. डिस्क काय ऐकते!

पाण्यात गेलेल्या डिस्कचं एक वेगळंच प्रकरण. नियमाने ती हद्दीबाहेर, एक थ्रोचा दंड. तिकडे लोक तळ्यात उतरून डिस्क काढतात. आपल्याकडे उन्हाळ्यात ती पाण्यात बुडतच नाही, जलपर्णीवर जाऊन बसते. समोर दिसते, पण हात पोचत नाही, आणि त्या पाण्यात पाय घालायची कुणाची छाती होत नाही. म्हणून आम्ही काठापासून बऱ्याच अलीकडे फक्कीची रेघ मारतो आणि तिच्यापलीकडे गेलं की बाहेर धरतो. खेळाच्या नियमांत असं करायला मुभा आहे. ज्या दिवशी ही रेघ पाण्याच्या कडेपर्यंत सरकवता येईल त्या दिवशी नदी सुधारली असं मी मानेन. मैलापाणी शुद्धीकरणाच्या केंद्रांची प्रगती मोजायला तुमच्याकडे तक्ते असतीलच, आमच्याकडे फक्की आहे.

बघणाऱ्यांचे प्रश्न तर ऐकण्यासारखे असतात. रखवालदारांनी विचारलं, "मावशी, पाखरांना दाणे ठेवायचं स्टँड आहे का?" एका आजोबांनी काठीने साखळ्या हलवून बघितल्या आणि 'मजबूत आहे' असं प्रमाणपत्र दिलं. आणि गणपतीनंतर एका रविवारी आम्ही टोपली रोवून टीकडे चालत गेलो, वळून बघतो तर एक काकू मोठ्या भक्तिभावाने प्लॅस्टिकच्या पिशवीतलं निर्माल्य तिच्यात ठेवत होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "बरं झालं बाई, इथेही कलश ठेवलात, पाण्यात टाकायला जीव होत नव्हता." मला काय बोलावं सुचेना. त्यांचं चुकलं नव्हतं. म्हणून कोर्स लावलात तर प्रत्येक टोपलीशेजारी कचरापेटी आणि पहिल्या टीजवळ निर्माल्य कलश हवाच, हे मी आराखड्यात लिहून ठेवलं आहे.

आता नदीकाठाकडे येते. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर लांबीच्या काठविकासाचा प्रकल्प चालू आहे. तो चांगला की वाईट, यावर भांडायला हे पत्र नाही. त्यासाठी मी वेगळी पत्रं लिहिली आहेत आणि पोचपावत्या जपून ठेवल्या आहेत. इथे मुद्दा एवढाच की काठावर माणसं आणायची असतील तर पायऱ्या, कठडे, फरशा आणि दिव्यांचे खांब हाच एक मार्ग नाही. माणूस काठावर येतो तो काहीतरी करायला. बसायला बाक दिलात तर तो बसेल, आणि फोन काढेल. टोपली दिलीत तर मातीवर चालेल, गवतात डिस्क शोधेल, करंज कुठला आणि उंबर कुठला हे ओळखायला शिकेल, कारण डिस्क त्याच झाडाला लागून परत येत असते.

आणि पूर. १२ जुलै १९६१ ची पानशेतची गोष्ट पुण्यात पुन्हा सांगायला नको. पण अलीकडचंच बघा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत माणसांना बोटीतून काढावं लागलं. भिडे पूल तर त्याच्या कितीतरी आधीच पाण्याखाली जातो, ते आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. असं पाणी ओसरल्यावर काठावरच्या बागेत जाऊन या. बाकांवर बोटभर गाळ, कठड्यांना लोंबणाऱ्या चिंध्या आणि पिशव्या, फरशांच्या खालची माती वाहून गेलेली. जे घट्ट बसवलेलं असतं त्याला पुराचा मार खावा लागतो, आणि दुरुस्तीचा खर्च तुमच्याच अंदाजपत्रकात येतो. टोपली मात्र जून उजाडायच्या आत गोदामात गेलेली असेल. जमिनीत राहील तो फक्त एक नळीचा तुकडा, त्याच्याभोवती घमेलंभर काँक्रीट, वर झाकण. त्याला पाणी अडत नाही. पावसाळ्यानंतर त्यावर गाळ बसेल, मग नळी सापडणार कशी? दोन झाडांपासून टेपने अंतर घेऊन ठेवायचं. माझ्या वेळी सर्वेक्षणाचे दगड आम्ही असेच शोधत असू. सगळ्या नळ्या शोधायला एक सकाळ पुरे.

टी मातीचेच ठेवा, मुरूम दाबून. काळ्या मातीत पावसाळ्यात कुणी खेळायला जाणार नाही, आणि जाऊही नये, जमीन दबते. म्हणूनच दिवाळी ते मे म्हणते आहे.

आखणीबद्दल एक सूचना, जी या खेळाच्या बाहेरच्या माणसाला सुचणार नाही. उजव्या हाताने साधी, आडवी फेक केली की डिस्क वेग कमी होताना शेवटी डावीकडे वळते. म्हणून नदी खेळाडूच्या उजव्या हाताला राहील अशी होलची दिशा ठेवा. पाणी वाहतं त्या दिशेला तोंड केलं की डाव्या काठावर नदी उजवीकडे येते. तेव्हा डाव्या काठाला पाण्यालगतचे होल प्रवाहाच्या दिशेने खेळवा, आणि परतीचे होल आतल्या अंगाला, झाडीतून आणा. उजव्या काठाला याच्या बरोबर उलट. मुठेवर याचा दुहेरी फायदा आहे. खडकवासल्याहून संगमाकडे नदी साधारण ईशान्येला जाते आणि उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे डाव्या काठाला पाण्यालगत तो पाठीवर. समोरचा वारा हलक्या डिस्कला उजवीकडे कलंडवतो, आणि उजवीकडे तर नदी. होल आखताना हे एवढं पाळलं तरी निम्म्या डिस्क वाचतील. फिरायचा रस्ता जिथे असेल तिथे टी त्याला पाठ करून असावी, आणि कुठलाही होल रस्ता ओलांडून जाता कामा नये. अंतरं छोटी, पन्नास ते ऐंशी मीटर. मोठा कोर्स म्हणजे एका होलला एकेक एकर धरतात, पण आपल्याला स्पर्धा भरवायच्या नाहीत, शिकायचं आहे. जागा सलग मोकळी असायची गरज नाही. झाडं हवीतच, झाडांशिवाय या खेळाला चव नाही. त्यामुळे कोर्ससाठी एकही फांदी तोडावी लागणार असेल तर ती जागा चुकीची आहे असं समजून पुढे जा.

फिरायला येणाऱ्या मंडळींची काळजी मला कळते. मीही त्यांच्यातलीच आहे. १७५ ग्रॅमची कडक डिस्क डोक्यात बसली तर टेंगूळ नक्की, डोळ्याला लागली तर त्याहून वाईट. म्हणून सकाळी नऊपर्यंत कोर्स बंद ठेवा, ती वेळ त्यांची. त्यानंतर मात्र बऱ्याच बागांना दुपारी कुलूप लागतं, ते हिवाळ्यात तरी काढा. डिसेंबरातल्या दुपारी बारा वाजता नदीकाठी झाडाखाली जी हवा असते तिच्यात बागा बंद ठेवणं म्हणजे आंब्याच्या दिवसांत उपास. निवृत्त लोकांना, रात्रपाळीच्या मुलांना, दुपारी मोकळ्या होणाऱ्या बायकांना तीच वेळ सोयीची. कुणालाही टीम जमवावी लागत नाही, एकटीलाही खेळता येतं, आणि गप्पा मारायच्या असतील तर चौघींत नऊ होल दीड तासात होतात. आमच्यात सून-सासू अशी एक जोडी आहे. सासूबाईंचा पुट चांगला आहे आणि सूनबाई लांब फेकतात. दोघी डबल्समध्ये एकाच बाजूने असतात, त्यामुळे घरीही बरं चाललं आहे असं ऐकते.

झाडांचं नुकसान होतं, हे मान्य करायला हवं. टीसमोरच्या झाडाच्या खोडावर डिस्क आपटून आपटून साल निघते. जुन्या कोर्सवर हे दिसतं. टोपलीभोवतीचं गवत तुडवलं जाऊन माती उघडी पडते. उपाय आहेत, फार खर्चाचेही नाहीत. माऱ्यात येणाऱ्या खोडांना काथ्याचा दोर गुंडाळायचा, लहान रोपांपासून टी दूर ठेवायची, आणि प्रत्येक होलला दोन-दोन नळ्या बसवून टोपलीची जागा महिन्या-दोन महिन्यांनी बदलायची, म्हणजे गवताला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

पक्ष्यांच्या बाबतीत मी तुमच्यापेक्षा कडक आहे. येरवडा-कल्याणीनगरच्या बाजूचं डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य आणि त्याच्या आसपासचा काठ, इथे कोर्सचं नावही काढू नका. दुसरीकडे सुद्धा मार्चपासून टिटव्या उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालतात. अंडी इतकी मातीच्या रंगाची की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की समजायचं. आम्ही त्या वेळी ती बाजूच सोडतो. कोर्सचा नियम म्हणून लिहा: टिटवी बसली की तो होल बंद, पिल्लं चालती होईपर्यंत. टोपली हलवायची सोय आहेच.

तुमच्या मनातला खरा प्रश्न मात्र वेगळा आहे हे मला ठाऊक आहे. साखळ्या जातील. जिथे चेंबरची झाकणं राहत नाहीत तिथे नऊ टोपल्या कशा राहतील? बरोबर आहे. म्हणून पहिल्या हिवाळ्यात हलक्या, उचलून नेता येतील अशा टोपल्या घ्या. नळीला कुलूप, किल्ली बागेच्या खोलीत, संध्याकाळी हातगाडीवर घालून आत. हे काम करायला माणूस नाही म्हणाल, तर आमचा गट वार लावून करेल. नावं आणि फोन क्रमांक अर्जासोबत देऊ. भोसरी-चिंचवडला अशी टोपली कुठलाही चांगला फॅब्रिकेटर करून देईल. परदेशातून मागवायची गरज नाही, आणि एखादी गेलीच तर आठवड्यात दुसरी. एका शोभेच्या कारंज्याच्या देखभालीत किती टोपल्या बसतात, हा हिशेब तुमच्या लेखा विभागाला विचारून बघा.

खेळ परदेशी आहे, आपल्याकडे कोण खेळणार, असंही कुणी म्हणेल. या गावात हे म्हणू नये. बॅडमिंटनला एके काळी 'पूना' म्हणत, कारण इथल्या छावणीतल्या अधिकाऱ्यांनी त्याचे सुरुवातीचे नियम केले. आणि गल्लीतला खो-खो डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये नियमांत बसवला, म्हणून तो पुढे देशभर गेला. आलेला खेळ घेणं आणि आपला खेळ नीट मांडणं, दोन्ही कामं या शहराने केलेली आहेत. तेव्हा 'डिस्कने काय होणार' या प्रश्नाला तुम्ही घाबरू नये.

माझ्याकडे तीन संभाव्य जागांचे हाताने काढलेले आराखडे आहेत, १:१००० प्रमाणात. निळी रेषा निळ्या शाईत आहे, झाडं नावानिशी दाखवली आहेत, फिरायचे रस्ते, टी, टोपल्यांच्या दोन-दोन जागा, फक्कीची रेघ, कचरापेट्या, सगळं आहे. पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर लागत असेल तर तोही आणते. कार्यालयात बोलावलंत तर कार्यालयात येईन, पण त्यापेक्षा तुम्हीच एखाद्या रविवारी नऊनंतर काठावर या. बूट घालून या, चपलेने पुट मारताना पाय घसरतो. डिस्क आम्ही देऊ.

आपली,
एरंडवण्यातली एक निवृत्त आरेखक

ता. क. आमच्या गटात डावखुरी मुलगीही आहे. तिने हे पत्र वाचून विचारलं की नदी उजवीकडे ठेवली तर माझ्या सगळ्या डिस्क पाण्यात जातील त्याचं काय. तिचं म्हणणं रास्त आहे. तिची डिस्क शेवटी उजवीकडे वळते. तेव्हा पाण्यालगतच्या होलवर डावखुऱ्यांसाठी आणखी आतल्या अंगाला दुसरी टी द्यावी, ही तिची मागणी याच अर्जाचा भाग समजावी.